‘७२ तासांच्या गोळी’ची पार्श्वभूमी

‘७२ तासांची गोळी’ म्हणजे संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, गर्भ राहू न देणारी गोळी. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून औषध देण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न १९६०च्या दशकात झाले. अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन मॉरिस आणि गर्ट्रूड व्हॅन वॅगेनन यांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे भारी डोस वापरून पाहिले. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सलग पाच दिवस असा कोर्स पुढे रूढ झाला. त्यात मळमळ आणि उलट्या फार होत. शिवाय, गरोदरपणी हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७१ मध्ये उघड झाले.

कॅनडाच्या अल्बर्ट युझ्पे यांनी १९७४ मध्ये नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतलीच दोन संप्रेरके, इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन, वापरली आणि पुढे पाच दिवसांचा कोर्स १२ तासांच्या अंतराने घ्यायच्या दोन डोसांवर आणला. तरीही निम्म्या स्त्रियांना मळमळ होतच होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या चाचणीत इस्ट्रोजेन पूर्ण वगळून फक्त लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे दुसरे संप्रेरक दिले; आजच्या ७२ तासांच्या गोळीत हेच असते. गर्भ राहण्याचे प्रमाण युझ्पे पद्धतीत ३.२ टक्के होते, ते इथे १.१ टक्के निघाले, आणि उलट्याही बऱ्याच कमी झाल्या. पुढे २००२च्या चाचणीत १.५ मिलिग्रॅमची एकच मात्रा पुरते हे दिसले.

ही गोळी नेमके काय करते, हे मात्र उशिरा स्पष्ट झाले. स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच संप्रेरकाची लाट येते. गोळी ती लाट रोखते किंवा लांबवते. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. तेवढ्यात बीज आलेच नाही, तर गर्भधारणा होत नाही. लाट सुरू झाल्यावर मात्र गोळीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून एकेक तास मोलाचा आहे. गर्भ रुजण्यात ती अडथळा आणत असावी, असा उल्लेख माहितीपत्रकांवर वर्षानुवर्षे राहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो काढायला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, पूर्ण वेगळी. तरीही आपल्याकडे ‘गर्भ पाडायची गोळी’ हा गैरसमज कायम आहे आणि त्यापायी कितीतरी जणी ती मागायला संकोचतात.

भारतात ही गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागली. आशाताईंच्या औषधपेटीतही ती आली.

घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन किंवा फिटसाठीचे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल, तर यकृत गोळीतले संप्रेरक लवकर संपवते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून दुप्पट मात्रा, किंवा त्याहून खात्रीची तांबी (कॉपर-टी). पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हजारात एखादीलाच दगा देते, आणि या औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला, तर आधीची गोळी संरक्षण देत नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली, तर लघवीची गर्भचाचणी करावी.