मॅटप्लॉटलिबची आरसी फाइल आणि स्टाइल शीट यांतला फरक

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. आरसी फाइलीत तिच्या नेहमीच्या सेटिंग्ज असतात, स्टाइल शीटमध्ये आकृतीच्या रूपाच्या. दोन्ही फाइलींतला मजकूर सारखाच दिसतो: सेटिंगचं नाव, कोलन, किंमत. म्हणून एकीतलं दुसरीत सर्रास चिकटवलं जातं. फरक आहे तो फाइल कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून वाचली जाते यात.

आरसी फाइल न सांगताच वाचली जाते. मॅटप्लॉटलिब इम्पोर्ट होताना ती आधी चालू फोल्डरमध्ये शोधतं, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने दाखवलेल्या जागी, मग तुमच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, शेवटी इन्स्टॉलेशनमध्ये. पहिली सापडली की शोध थांबतो, पुढच्या फाइली त्यात मिसळल्या जात नाहीत. खरी गोम ‘चालू फोल्डर’ या शब्दांत आहे. स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे ते नव्हे, तर कमांड जिथून दिली ते फोल्डर! तीच स्क्रिप्ट दुसरीकडून चालवली की फॉन्ट बदलतात, एरर मात्र येत नाही. अशा वेळी मॅटप्लॉटलिब_एफनेम हे फंक्शन चालवा, वापरात असलेल्या फाइलचा पूर्ण पाथ मिळतो. नोटबुक चालू असताना आरसी बदलली तर कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) रीस्टार्ट करावा लागतो.

स्टाइल शीट स्टाइल.यूजने बोलावल्याशिवाय येत नाही. हा कॉल आकृती तयार करण्याआधी हवा. आधीच काढलेल्या अक्षांना नवी स्टाइल लागत नाही. एकामागून एक दोन शीट लावल्या तर दुसरी जिंकते, पण तिने न बदललेलं पहिलीतलं सगळं तसंच राहतं. एकाच आकृतीपुरती स्टाइल हवी असेल तर विथ ब्लॉकमध्ये स्टाइल.कॉन्टेक्स्ट वापरा.

बॅकएंड (आकृती प्रत्यक्ष काढणारा भाग), टूलबार, टाइमझोन या सेटिंग्ज स्टाइल शीटमध्ये चालत नाहीत. इशारा देऊन वगळल्या जातात. त्या यंत्राच्या आहेत, आरसीतच ठेवा. शोधनिबंधाच्या आकृतीचं बाकी सगळं स्टाइल शीटमध्ये घालून ती स्क्रिप्टसोबत रिपॉझिटरीत ठेवणं आणि पाथ देऊन बोलावणं केव्हाही चांगलं. 89 मिलिमीटरच्या स्तंभासाठी रुंदी 3.5 इंच लिहा. पीडीएफ.फॉन्टटाइप, म्हणजे पीडीएफमध्ये फॉन्ट कोणत्या प्रकारात साठवायचा ते, मुळात 3 असतो, तो 42 (ट्रूटाइप) करा. टाइप 3 फॉन्ट काही नियतकालिकं नाकारतात. सेव्हफिग.बीबॉक्स ‘टाइट’ ठेवलंत तर कडा छाटल्या जातात आणि मोजून दिलेले 3.5 इंच उरत नाहीत.

रंगाचा हेक्स कोड दोन्हीकडे हॅशशिवाय लिहा. अवतरणाबाहेरच्या हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं.