बत्तीस मिलिमीटरची चढण

नवी रोड सायकल घेऊन तीन आठवडे झाले होते. कासच्या पठारावरून साताऱ्याकडे परतताना, यवतेश्वरच्या घाटाचा उतार सुरू होण्याआधी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर घ्यावी म्हणून मी डावा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलण्याचा लिव्हर, आत दाबला. चेन मोठ्या चक्राच्या दात्यांना घासत खरखरत राहिली, पण वर काही चढली नाही. मागचे गिअर मात्र अगदी सुरळीत पडत होते. नवी सायकल घेणाऱ्या अनेकांची पहिली तक्रार हीच असते, आणि घाईने स्क्रू फिरवले की ती वाढतेच. म्हणून पुढचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, नेमके काय करतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

पायडल मारताना चेनचा वरचा पदर ताणलेला असतो आणि खालचा सैल असतो. मागचा डिरेलर खालच्या, सैल पदराला बाजूला सरकवतो, त्यामुळे त्याचे काम हलके असते. पुढच्या डिरेलरला मात्र वरचा, पूर्ण ताणाखालचा पदर ढकलावा लागतो. हा ताण किती, याचा हिशेब सोपा आहे. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबी १७० मिलिमीटर आहे, पुढे ३४ दात्यांचे चक्र आहे आणि ७० किलो वजनाचा माणूस आडव्या क्रँकच्या पायडलवर पूर्ण भार देऊन उभा आहे, असे धरू. अशा वेळी चेनमधला ताण सुमारे १७० किलोग्रॅम वजनाइतका होतो. एवढ्या ताणाखालची चेन पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्यांनी बाजूला ढकलावी, ही अपेक्षाच मोठी आहे.

दुसरी अडचण उंचीची आहे. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर असते. त्यावरून ३४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर आणि ५० दात्यांच्या चक्राची सुमारे १०१ मिलिमीटर येते, म्हणजे चेनला एका झटक्यात ३२ मिलिमीटर वर चढायचे असते. मागे १५ दात्यांवरून १७ दात्यांवर जाताना हीच चढण जेमतेम ४ मिलिमीटर असते. ती मोठी चढण शक्य व्हावी म्हणून मोठ्या चक्राच्या आतल्या अंगाला ठरावीक जागी उतरत्या खाचा आणि छोट्या पिना दिलेल्या असतात. त्या चेनला पकडून वर उचलतात. पिन चेनखाली येईपर्यंत क्रँक थोडा फिरावा लागतो, म्हणून शिफ्टर दाबून लगेच सोडायचा नसतो. चेन चढेपर्यंत तो क्षणभर दाबून धरायचा असतो. नव्या स्वाराच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, असे माझे मत आहे.

माझी तक्रार मात्र एवढ्याने मिटणारी नव्हती. पुढच्या डिरेलरला स्प्रिंग आतल्या बाजूला, म्हणजे लहान चक्राकडे ओढत असते आणि तार त्याला बाहेर ओढते. शिफ्टरचा प्रत्येक ‘कट्’ ठरावीक लांबीचीच तार ओढतो. जुन्या साध्या लिव्हरमध्ये असे टप्पे नव्हते, चेन चढेपर्यंत माणूस हाताने हवी तेवढी तार ओढत असे. शिमानोने १९८४ मध्ये मागच्या गिअरना ठरावीक टप्पे दिले आणि १९९० मध्ये रोड सायकलचे ब्रेक व गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. ही सोय मोठीच आहे, पण तारेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची ढील आली तरी ती आता लगेच जाणवते.

‘नवी तार ताणली जाते’ असे दुकानात सर्रास सांगतात, पण त्यात पूर्ण तथ्य नाही. सव्वा मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची पोलादी तार दहा किलोच्या ओढीने साधारण अर्धा मिलिमीटर लांबते आणि ओढ सुटताच पूर्ववत होते. कायमची ढील येते ती दुसऱ्याच कारणाने: तारेच्या आवरणाची टोके आणि त्यांवरच्या टोप्या पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या खोबणीत घट्ट बसतात आणि तारेचे पीळ एकमेकांत दबतात. माझ्या सायकलीच्या फ्रेमवरच्या खोबणीत आवरणाची टोपी तिरकी अडकलेली होती, हे नखाने दाबून पाहिल्यावर कळले. ती सरळ बसताच तार बोटाला स्पष्टपणे सैल लागली.

दोष तारेत आहे की स्क्रूमध्ये, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवत चेन मोठ्या चक्रावर जाते का ते पाहावे. जात नसेल, तर शिफ्टर पूर्ण दाबून धरून दुसऱ्या हाताने फ्रेमवरची उघडी तार बाजूला ओढावी. डिरेलर आणखी बाहेर सरकला आणि चेन चढली, तर तारेचा ताण कमी आहे. बॅरल ॲडजस्टर, म्हणजे तारेचा ताण बदलणारा गोल स्क्रू, उलट्या दिशेने, म्हणजे बाहेर येईल असा, अर्धा-अर्धा फेरा फिरवत ताण वाढवावा. तार ओढूनही डिरेलर जागचा हलत नसेल, तर बाहेरच्या मर्यादेचा, ‘एच’ खुणेचा स्क्रू त्याला अडवतो आहे.

या स्क्रूंना हात लावण्याआधी डिरेलरची बैठक पाहावी. बाहेरच्या पट्टीची खालची कड मोठ्या चक्राच्या दात्यांच्या वर १ ते ३ मिलिमीटर असावी आणि वरून पाहिले असता पट्टी चक्राला समांतर दिसावी. बैठकच चुकलेली असेल तर स्क्रू कितीही फिरवले तरी गुण येत नाही. बैठक ठीक असेल, तर तार डिरेलरपासून सोडवून, पुढे लहान चक्र आणि मागे सर्वांत मोठे चक्र अशा स्थितीत, आतल्या पट्टीत आणि चेनमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहील असा आतल्या मर्यादेचा, ‘एल’ खुणेचा स्क्रू लावावा. हा स्क्रू फार सैल राहिला तर घाटाच्या पायथ्याशी लहान चक्रावर उतरताना चेन आत पडून फ्रेमला खरचटते. ‘एच’ सैल राहिला तर ती बाहेर, क्रँकवर पडते. काही अलीकडच्या डिरेलरमध्ये तारेचा ताण बदलणारा तिसरा स्क्रू त्याच अंगावर असतो, तेव्हा कोणता स्क्रू कशाचा, हे सोबतच्या पुस्तिकेत आधी पाहावे.

चेन खाली उतरत नसेल, तर संशय आधी मळावर घ्यावा. उतरवण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे असते आणि तारेतले घर्षण थेट तिच्या विरोधात जाते. अनेक सायकलींत ही तार क्रँकच्या धुऱ्याखालच्या प्लॅस्टिकच्या खाचेतून वळते, आणि पावसाळ्यात सातारच्या रस्त्यांवरचा लाल चिखल नेमका तिथेच साचतो. ती खाच पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा एक थेंब सोडला की बहुतेक वेळा चेन पूर्वीसारखी उतरू लागते.

पुढे मोठे आणि मागेही मोठे चक्र असताना चेन तिरकी होऊन पट्टीला घासते, हा बिघाड नव्हे. यासाठीच बहुतेक शिफ्टरना अर्धा ‘कट्’ दिलेला असतो, तो हलकेच दाबला की आवाज थांबतो. पण क्रँकच्या दर फेऱ्याला एकदाच घासण्याचा आवाज येत असेल, तर चक्र वाकलेले आहे किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत, आणि तिथे डिरेलरचा काहीच दोष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कासला गेलो. परतीच्या वाटेवर, त्याच जागी, पायांचा जोर अर्ध्या फेऱ्यापुरता कमी केला, शिफ्टर दाबून धरला आणि चेन मोठ्या चक्रावर चढली.