फाशीची शिक्षा : सोलापूर आणि महाराष्ट्र

दोषी ठरलेल्या माणसाला गळफास देऊन ठार मारण्याची, न्यायालयाने सुनावलेली शिक्षा. भारताच्या कायद्यात ती कायम आहे आणि महाराष्ट्रातील सत्र न्यायालये ती सुनावतही असतात. अंमल मात्र क्वचित होतो. २००१ पासून राज्यात दोघांनाच फाशी झाली. अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात, तर याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात. दोन्ही खटले दहशतवादी हल्ल्यांचे होते. खून किंवा बलात्कार करून खून, अशा गुन्ह्यांसाठी या शतकात महाराष्ट्रात एकालाही फासावर चढवलेले नाही, जरी अशा गुन्ह्यांत फाशी सुनावली गेलेल्यांची संख्या मोठी आहे. सुनावणे आणि देणे यांमध्ये जो काळ जातो, त्यातच आज ही शिक्षा प्रत्यक्षात भोगली जाते. कायद्यात लिहिलेल्या शिक्षेपेक्षा ती वेगळी आहे, आणि या नोंदीचा रोख तिच्यावर आहे.

राज्यात फाशीघरे दोनच, येरवडा आणि नागपूर. सोलापूरच्या जिल्हा कारागृहात ते नाही. सोलापुरात फाशीचा निकाल लागला तर कैद्याला अडीचशे किलोमीटरवर येरवड्याला नेले जाते. ही वाट सोलापूरकरांना जुनीच आहे.

५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर खवळून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली आणि त्या धुमश्चक्रीत दोन पोलीस मारले गेले. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणे, राष्ट्रध्वज बाळगणे यासाठीही माणसे धरली जात. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना फाशी सुनावण्यात आली. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांनाही येरवड्यात फासावर चढवले. घटनेपासून फासापर्यंत आठ महिने आणि चार दिवस. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतले हे चौघे आजही एकत्रच आठवले जातात. चार हुतात्मा चौकातील पुतळे, हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आणि रोज सकाळी पुण्याकडे सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस ही त्यांचीच नावे मिरवतात. न्यायालयाने रीतसर खटला चालवून, पुरावा ऐकून, कायद्याच्या चौकटीत दिलेली फाशीसुद्धा अन्यायाची असू शकते, हे सोलापूरला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

स्वतंत्र भारताने हा कायदा इंग्रजांकडून जसाच्या तसा घेतला आणि मग हळूहळू आवळत नेला. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी हा नियम होता. जन्मठेप द्यायची तर न्यायाधीशाला त्याचे कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ही सक्ती गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गाडे पुरते उलटे फिरवले. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशीसाठी ‘विशेष कारणे’ लिहिणे बंधनकारक झाले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच ती द्यावी, असे बजावले. गुन्हा किती भीषण एवढेच पाहून चालणार नाही. गुन्हेगार कोण, कोणत्या परिस्थितीतून आला, सुधारू शकतो का, हेही तपासावे लागेल, हा त्या निकालाचा गाभा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ ने घेतली, पण ही कसोटी बदललेली नाही.

सत्र न्यायाधीश फाशी सुनावू शकतो, अमलात आणू शकत नाही. निकाल होताच सगळी कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे जातात. तिथे किमान दोन न्यायाधीश पुरावा पहिल्यापासून तपासतात आणि मगच शिक्षा ‘कायम’ होते. याला वकील मंडळी कन्फर्मेशन म्हणतात. आरोपीने अपील केले नाही तरी ही तपासणी टळत नाही. सोलापूर जिल्ह्याची अशी प्रकरणे पूर्वी मुंबईला जात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सोलापूर त्याच्या कक्षेत आले. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील, खुल्या न्यायालयात पुनर्विचार याचिका, राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि अर्ज फेटाळला गेला तर त्या निर्णयालाही आव्हान. निकालपत्रावर सही केल्यावर पेनाची निब मोडण्याची रूढी अनेक न्यायालयांत आढळते. ती कोणत्याही कायद्यात नाही, पण सही करणाऱ्या हातालाही या शिक्षेचे ओझे किती वाटते, ते तिच्यावरून कळते.

या सगळ्या पायऱ्यांच्या काळात कैदी असतो फाशी यार्डात. १८९४ च्या तुरुंग कायद्याने घालून दिलेली पद्धत अशी: आल्या आल्या झडती, जेलरला धोक्याची वाटेल ती प्रत्येक वस्तू काढून घेणे, इतर कैद्यांपासून वेगळी कोठडी, आणि रात्रंदिवस पहारा. हा पहारा त्याने स्वतःचा जीव घेऊ नये यासाठीही असतो. शासनाला ज्याचा जीव घ्यायचा आहे, त्याला तोपर्यंत शासनानेच डोळ्यांत तेल घालून जपायचे. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दयेच्या अर्जापर्यंतचे सगळे मार्ग संपल्याशिवाय कैदी या कायद्याच्या अर्थाने फाशीचा कैदी ठरत नाही आणि त्याला एकांतवासात डांबता येत नाही. तरी कोठडीतल्या माणसाच्या मनाला हा फरक कितपत कळत असेल, हा प्रश्न उरतोच. बाहेर पावले वाजली की ती कशासाठी, हे त्याला रोज नव्याने ताडावे लागते.

हा काळ किती लांबतो, याचे पश्चिम महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कोल्हापूरच्या बालहत्याकांडाचे. मुलांना पळवून त्यांचे खून केल्याबद्दल दोन बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. त्यानंतरही त्या येरवड्यातच राहिल्या, आणि १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची शिक्षा जन्मठेपेत बदलली. गुन्हा लहानसा ठरला म्हणून नव्हे; दयेच्या अर्जावर शासनयंत्रणेने सात वर्षांहून अधिक काळ वाया घालवला म्हणून. पुण्यात २००७ मध्ये एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांचेही असेच झाले. त्यांच्या फाशीची तारीख २४ जून २०१९ ठरली होती. अर्ज फेटाळल्यानंतर वॉरंट काढायलाच दोन वर्षे लागली, म्हणून उच्च न्यायालयाने त्या शिक्षेचे ३५ वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल उचलून धरला आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष उभारावा, असा आदेश दिला. फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, यावर माणसाचे जगणे-मरणे ठरते, हे कोणत्याही बाजूने पाहिले तरी मान्य होण्यासारखे नाही.

मारल्या गेलेल्याच्या घरच्यांची फरफट याहून कमी नसते. सोलापुरात लहान मुलीवर किंवा तरुणीवर अत्याचार होऊन तिचा जीव गेला, की पूनम गेटसमोर आंदोलन होते आणि पहिली मागणी फाशीची असते. हा संताप खरा असतो. त्याला रक्ताची तहान म्हणून हिणवणे चुकीचे आहे. कोपर्डीच्या घटनेनंतर २०१६ मध्ये राज्यभर निघालेल्या मोर्चांत हीच मागणी होती, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मुख्य आरोपी येरवडा कारागृहात मरण पावला. फाशीचे आश्वासन देणे सोपे. त्यानंतर आईवडिलांना दहा-पंधरा वर्षे तारखांमागे फिरावे लागते, याची जबाबदारी व्यासपीठावरचे कुणी घेत नाही. विधिमंडळाने २०२१ मध्ये संमत केलेल्या शक्ती विधेयकातही अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद होती. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही.

ही शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. महाराष्ट्रातले एक प्रकरण प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासला, सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या काळात फाशी झाली असती, तर ही भरपाई कुणाला द्यायची होती?

सोलापूरला हे वाचताना परके वाटू नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना तारेच्या कुंपणात कोंडण्याची मोठी वसाहत इथेच होती. त्या भागाला अजूनही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. संशयाची सवय इतक्या सहज जात नाही, आणि एखादा मोठा गुन्हा घडला की ती कुणाच्या दारापर्यंत पोचते, हे त्या वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

२०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला, की फाशीचा विचार करताना आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, मानसिक आरोग्य आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे, आणि तीही सत्र न्यायालयाच्या टप्प्यावर. या निकालाचा सोलापुरातला अर्थ अगदी व्यावहारिक आहे. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने किंवा वकिलाने नेमलेल्या माणसाने आरोपीच्या घरी जायचे. तो शाळेतून केव्हा गळाला, का गळाला. घरात दारू होती का, मार होता का. डोक्याला कधी दुखापत झाली होती का, हे आईला, मावशीला, शेजाऱ्यांना विचारायचे. जमले तर शाळेचा दाखला आणि दवाखान्याची चिठ्ठी मिळवायची. या शहरात ती आई तेलुगू बोलणारी विडी कामगार असू शकते, कन्नड किंवा उर्दू बोलणारी असू शकते, तांड्यावरची असू शकते. कोर्टाच्या मराठीत तिच्याकडून दोन वाक्यांपलीकडे काही निघणार नाही. तिच्या भाषेत, तिच्या ओट्यावर बसून, एकापेक्षा अधिक वेळा बोलू शकेल असा प्रशिक्षित माणूस सरकारी खर्चाने मिळाला, तरच हा अहवाल खरा होतो. नाहीतर छापील नमुन्याच्या रकान्यांत ‘गरीब कुटुंब, शिक्षण चौथी’ एवढेच भरले जाते, आणि न्यायाधीशाला तेवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो.