रापणं वेगळं, भाजणं वेगळं

पाचगणीच्या टेबल लँडवर डिसेंबरात भर दुपारीही वारा बोचतो. त्या वाऱ्याच्या भरवशावर माझ्या मामेभावाची डॅनिश बायको बिनबाह्यांचा टॉप घालून तासभर जांभ्यावर पहुडली होती. वहिनींना मायदेशी परतताना थोडा रंग चढवून जायचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कणसं खायला गेलो तेव्हा त्यांचे खांदे लालबुंद झाले होते आणि टॉपच्या पट्ट्याखालची कातडी तेवढी पांढरी राहिली होती. कणसं भाजणाऱ्या मावशींनी एकदाच वर पाहिलं. "रापली न्हाई वं, भाजली की पोरगी!"

या दोन क्रियापदांच्या मधली जागा शोधण्यात युरोपचं जवळजवळ शतक गेलंय. त्याआधी तिकडे रापायची हौस कुणालाच नव्हती. शेतात राबणारा रापायचा आणि वाड्यातल्या बायका छत्रीखाली राहायच्या, म्हणजे आपल्यासारखंच. १८२९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर घेतलं, ते उकाड्यापासून पळायला. पुढे पिढ्यान् पिढ्या साहेबाच्या डोक्यावर सोला हॅट, म्हणजे उन्हाची जाड टोपी, राहिली. हिंदुस्थानातलं ऊन कवटीतून थेट मेंदूत शिरतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

उलटी गंगा वाहू लागली ती दवाखान्यांतून. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले आणि त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावी ऑग्युस्त रोलिए या डॉक्टरने क्षयरोग्यांसाठी सूर्यचिकित्सेचा दवाखाना उघडला. (आपल्याकडे पाचगणीत डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर आरोग्यधाम १९१२ चं.) रोलिएची शिस्त कडक होती. पहिल्या दिवशी फक्त पावलं उन्हात, तीही पाच-पाच मिनिटं. मग रोज थोडा वेळ वाढवायचा आणि थोडं वर सरकायचं, पावलांवरून पोटऱ्या, पोटऱ्यांवरून मांड्या. कातडी भाजू द्यायची नाही. 'हळूहळू रापा' हा सल्ला आज कुणीही देतं, पण त्याचं इतकं काटेकोर वेळापत्रक रोलिएने क्षयरोग्यांसाठी आखलं होतं.

रापणं फॅशन कसं झालं याचं सगळं श्रेय फ्रेंच फॅशनकार कोको शॅनेल एका सहलीहून रापून परतली त्याला देतात. मला ते फार सोपं वाटतं. मजूर शेतातून कारखान्यात गेला आणि फिकट पडला, तेव्हा सुट्टी परवडणाऱ्याची खूण म्हणून तांबूस रंग मिरवायला मोकळा झाला. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजा मिळाली आणि समुद्रकिनारे भरले.

तेल-क्रीमवाल्यांना शास्त्राने आयती वाट करून दिली होती. हाउसर आणि फाले या दोन जर्मन संशोधकांनी १९२२ मध्ये दाखवलं, की त्वचा भाजते ती मुख्यतः उन्हातल्या सुमारे ३१५ नॅनोमीटरपेक्षा आखूड अतिनील लहरींनी. मग तेवढेच किरण अडवावेत आणि लांब लहरी आत येऊ द्याव्यात, म्हणजे न भाजता रापता येईल! कल्पना झकास होती. फ्रान्झ ग्रायटर नावाचा तरुण १९३८ मध्ये आल्प्समधल्या पित्स बुइन शिखरावर चढताना भाजून निघाला. पुढे त्याने हिमनदीच्या नावाचं क्रीम काढलं आणि १९७४ मध्ये बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे भाजण्यापासून किती पट संरक्षण ते सांगणारा, आकडा रूढ केला. आपल्याकडे १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. म्हणजे एकाच सुमाराला तिकडे रंग चढवायची घाई आणि इथे उतरवायची.

झकास कल्पनेतली खोट नंतर कळली. आत येऊ दिलेल्या लांब लहरी कातडीत खोल जातात, तिला सुरकुत्या आणतात आणि कर्करोगालाही हातभार लावतात. मुळात रापणं हीच इजेवरची प्रतिक्रिया. पेशींतल्या डीएनएला धक्का पोचला की त्वचा मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य वाढवते. तेही सगळ्यांना जमत नाही. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने सोरायसिसच्या प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी कातडीचे प्रकार पाडले. त्यातला पहिला प्रकार नेहमी भाजतो आणि कधीच रापत नाही. आमच्या वहिनी बहुधा त्यातल्याच. ज्यांना रापता येतं त्यांनाही त्या रंगाचं संरक्षण मिळतं ते जेमतेम एसपीएफ ३-४ इतकं.

आणि लेझांचं वेळापत्रक साताऱ्यात चालतही नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आडोसा धरावा, असा एक सोपा नियम आहे. लेझांत डिसेंबरच्या मध्यान्ही सावली माणसाच्या अडीचपटीहून लांब पडते. पाचगणीत वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा मध्यान्हीची सावली माणसापेक्षा आखूडच असते, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर ती पायाखालीच जाते. त्यात सुमारे तेराशे मीटरची उंची. हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गार वाऱ्याने ते कमी होत नाहीत, फक्त चटका कळत नाही.

पाचव्या दिवशी वहिनींच्या खांद्यांची सालं निघाली. परतायच्या आधी भिलारला स्ट्रॉबेरीचे वाफे बघायला गेलो. तिथल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालून, तोंडाला रुमाल बांधून खुडणी करत होत्या. वहिनींनी मामेभावाकडे हात पुढे केला आणि त्याने मुकाट्याने अंगातला शर्ट काढून दिला.