चाळीसपैकी वीस बाइक विजेच्या झाल्या, तर आवाज किती कमी होतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये होंडाने जपानच्या राष्ट्रीय मोटोक्रॉस (उड्या आणि वळणे असलेल्या मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यत) मालिकेतील एका फेरीत आपली विजेवर चालणारी प्रायोगिक बाइक उतरवली आणि ट्रे कनार्ड हा अनुभवी अमेरिकी रायडर ती घेऊन पेट्रोल बाइकच्या रांगेत उभा राहिला. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, स्पेनमधील स्टार्क फ्युचर या कंपनीने ८० अश्वशक्तीची ‘वार्ग’ जगासमोर आणली होती. अशा बातम्यांच्या आधाराने एक समजूत पक्की होत चालली आहे. मोटोक्रॉसचे ट्रॅक आवाजाच्या तक्रारींमुळे बंद पडतात, विजेच्या बाइकला आवाज नसतो, तेव्हा आता ट्रॅक वस्तीजवळही चालवता येतील, असा तो युक्तिवाद आहे. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे आणि दुसरे निम्मे खरे आहे. तिसरे मात्र डेसिबलच्या बेरजेत अडकते, आणि ही बेरीज समजून घेण्यासारखी आहे.

डेसिबलची मापपट्टी लघुगणकीय आहे. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा केवळ ३ ने वाढतो आणि ती दसपट झाली की १० ने वाढतो. म्हणजे प्रत्येकी ६० डेसिबल आवाज करणाऱ्या दोन बाइक एकत्र सुरू केल्या, तर एकूण आवाज १२० नव्हे, ६३ डेसिबल भरतो. मोठ्या मैदानी शर्यतीत स्टार्ट गेटमागे ४० बाइक असतात. ट्रॅकपासून काही अंतरावरच्या एखाद्या घराच्या भिंतीशी यातील प्रत्येक बाइकचा आवाज ६० डेसिबल भरतो असे धरू. चाळीसही बाइक मिळून तेथे ७६ डेसिबल होतील. आता विजेची बाइक पेट्रोलच्या बाइकपेक्षा १५ डेसिबलने शांत आहे असे समजू. हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे. प्रत्यक्षातील फरक बाइकनुसार आणि वेगानुसार बदलेल. चाळीसही बाइक विजेच्या असतील तर त्या भिंतीशी ६१ डेसिबल उरतात, आणि हा फरक कोणाच्याही कानाला सहज कळेल, कारण १० डेसिबल उतरले की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

पण चाळीसपैकी वीसच बाइक विजेच्या असतील तर काय होईल? उरलेल्या वीस पेट्रोल बाइक ७३ डेसिबल भरतात आणि वीस विजेच्या बाइक ५८. या दोहोंची बेरीज ७३ च्या जेमतेम वर जाते, म्हणजे निम्मा ताफा बदलूनही केवळ ३ डेसिबल कमी झाले, आणि एवढा फरक माणसाच्या कानाला मुश्किलीने जाणवतो. याच्या उलट, एकोणचाळीस विजेच्या बाइकमध्ये एकच पेट्रोल बाइक सोडली, तर ती एकटी सुमारे ३२ विजेच्या बाइकइतकी ध्वनिऊर्जा बाहेर टाकते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, या नियमाने हेच गणित जमिनीवर उतरवता येते. आज १००० मीटरवरच्या घराला जो त्रास होतो, तोच त्रास निम्मा ताफा विजेचा झाल्यावर सुमारे ७०० मीटरवर होईल आणि संपूर्ण ताफा विजेचा झाल्यावर १८० मीटरच्या आसपास होईल. म्हणून एकेका रायडरने आपापल्या सवडीने विजेची बाइक घेत गेल्याने शेजाऱ्यांना बराच काळ काहीच जाणवणार नाही. लाभ हवा असेल तर ठरावीक वेळा संपूर्णपणे विजेच्या बाइकसाठी राखून ठेवाव्या लागतील. मिश्र सरावात तो हाती लागत नाही.

आवाज किती आहे याइतकेच तो कोणत्या प्रकारचा आहे यालाही महत्त्व आहे. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे सेकंदाला ७५ स्फोट होतात आणि आवाजाची मूळ वारंवारता ७५ हर्ट्झ असते. असे खालच्या पट्टीतले ध्वनी हवेत फारसे विरत नाहीत. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत १२५ हर्ट्झचा ध्वनी किलोमीटरभरात सुमारे ०.३ डेसिबल गमावतो, तर ४००० हर्ट्झचा ध्वनी त्याच अंतरात सुमारे २३ डेसिबल गमावतो. मातीचा बांध घातला, तरी लांब तरंगलांबीचा ध्वनी त्यावरून वाकून पलीकडे उतरतो. मोटर आणि गिअर यांची किणकिण, चेनची खडखड आणि दगडमातीवर घासणाऱ्या टायरची सळसळ यांत उंच पट्टीचा भाग मोठा असल्यामुळे हे आवाज वाटेतच बरेचसे झिजतात. उडी मारून बाइक जमिनीवर आदळते तेव्हाचा धप्पकन येणारा आवाज मात्र विजेच्या बाइकचाही कायम राहतो.

त्यात वेळेचाही वाटा आहे. उन्हात जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे ध्वनिलहरी वरच्या दिशेला वाकतात आणि दूरच्या घरावर एक प्रकारची ध्वनीची सावली पडते. वारा पडलेल्या संध्याकाळी जमीन आधी निवते, वरची हवा उबदार राहते आणि लहरी पुन्हा खाली वळतात. म्हणूनच दुपारी न ऐकू येणारा ट्रॅक सूर्यास्तानंतर शेजारीच असल्यासारखा वाटतो, आणि केवळ विजेच्या बाइकसाठी वेळ राखायची असेल तर ती संध्याकाळची राखण्यात खरा अर्थ आहे. जाता जाता एका अंधश्रद्धेबद्दल लिहायला हवे. सायलेन्सर पोकळ केला की ताकद वाढते, असे मानणारे रायडर आजही भेटतात. एक्झॉस्टमधील दाबलहरींचा मेळ इंजिनाशी बसवलेला असतो आणि तो बिघडवला तर अनेकदा खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमीच होते. वाढतात ते केवळ डेसिबल, आणि त्यांची किंमत सर्वांना मोजावी लागते.

नियमांची अडचण मोजणीपासूनच सुरू होते. कॅलिफोर्नियात १९८६ पासून तयार झालेल्या ऑफ-रोड वाहनांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. ही चाचणी बाइक जागेवर उभी असताना घेतात. मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून सुमारे अर्धा मीटर दूर, ४५ अंशांच्या कोनात धरतात आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरून आकडा वाचतात. विजेच्या बाइकला एक्झॉस्टच नाही आणि उभी असताना तिची मोटर फिरत नाही, त्यामुळे ती या चाचणीत उत्तीर्ण होते असे म्हणण्यालाही अर्थ नाही. जो आवाज धावतानाच निर्माण होतो, तो या चाचणीत सापडतच नाही.

दुसरी चर्चा मातीची आहे. काही जाहिरातींत मागच्या चाकावरील टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ९०० न्यूटन-मीटरहून अधिक दाखवतात आणि तो वाचून अशा बाइक ट्रॅक खणून काढतील, अशी भीती व्यक्त होते. ४५० सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे ५० न्यूटन-मीटर असला, तरी दुसऱ्या गिअरमध्ये चाकाचे फेरे इंजिनाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतके कमी होतात आणि टॉर्क तेवढ्याच पटीने वाढतो असे धरले तर चाकावर ७५० न्यूटन-मीटर पोहोचतातच. एकाची तुलना चाकावर आणि दुसऱ्याची इंजिनावर करायची, हा जाहिरातीचा खेळ आहे. शिवाय मातीची पकड जेवढी असेल तेवढेच बल जमिनीत उतरते. त्याहून अधिक टॉर्क दिला तर चाक जागेवर फिरते. ते फिरणे सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांनी आवरले, तर चर उलट कमी पडतील. ब्रेक मारण्याच्या जागी पडणारे उंचवटे मात्र तसेच राहतील, कारण बाइकचे वजन आणि वेग यांत मोठा फरक पडलेला नाही.

खुल्या वाटांवर जाण्याच्या परवानगीचा प्रश्न केवळ आवाजाने सुटणारा नाही. अमेरिकेत १९७२ च्या ११६४४ क्रमांकाच्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सार्वजनिक जमिनींवरील ऑफ-रोड वाहनांच्या वाटा ठरवताना आवाजाबरोबरच माती, पाणलोट, झाडोरा, वन्यजीव आणि इतर वापरकर्त्यांशी होणारा संघर्ष यांचाही विचार बंधनकारक केला. तेथील नियमांत ई-बाइक म्हणून सवलत मिळते ती पेडल असलेल्या आणि ७५० वॉटपर्यंतच्या मोटरच्या सायकलला. ८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६० किलोवॉट, त्या मर्यादेच्या ऐंशीपट. इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय एखाद्या जमिनीवर मोटारसायकल शर्यती आणि सराव वर्षातून १४ दिवसच करता येतात, आणि या नियमाच्या दृष्टीने विजेची मोटारसायकलही मोटारसायकलच आहे. अरुंद वाटेवर घोड्याला किंवा पादचाऱ्याला ती उशिरा ऐकू येते, हा नव्या तक्रारीचा मुद्दा ठरू शकतो.

ट्रॅक चालवणाऱ्यांपुढची सर्वांत व्यावहारिक अडचण विजेची आहे. चाळीस बाइक एकाच वेळी प्रत्येकी ३ किलोवॉटने चार्ज करायच्या तर १२० किलोवॉट लागतात, आणि गोंगाटामुळेच वस्तीपासून दूर ढकललेल्या अनेक ट्रॅकवर एवढी वीजजोडणी नसते. तेथे पार्किंगच्या कोपऱ्यात डिझेल जनरेटर लावला जातो. तो उडी मारत नाही आणि लॅप संपल्यावर थांबतही नाही. दिवसभर एकाच खालच्या पट्टीत घुमत राहतो.