लघुपटातील प्रकाश आणि रंग : एक पार्श्वभूमी

नागपुरात लघुपट करणारी तरुण मंडळी रात्रीचा प्रसंग निळ्या छटेत आणि दिव्याच्या उजेडातला प्रसंग पिवळसर छटेत दाखवतात. हा संकेत मूकपटांच्या काळातला असून त्याचे मूळ एका तांत्रिक अडचणीत आहे. त्या वेळची फिल्म इतकी मंद, म्हणजे उजेडाला इतकी कमी संवेदनशील होती की रात्रीच्या अंधारात चित्रीकरण करणे फार अवघड होते. म्हणून प्रसंग भर दिवसा चित्रित करून फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवला जाई. आगीसाठी लाल, दिव्यासाठी पिवळसर अशी वाटणी ठरून गेली होती. पुढे बोलपट आला, ध्वनीची पट्टी फिल्मच्या कडेवर आली आणि रंगवलेल्या फिल्ममधून ध्वनी नीट वाचला जाईना, तेव्हा ही पद्धत मागे पडली. संकेत मात्र प्रेक्षकांच्या मनात पक्का बसला होता.

आपल्याकडे रंग आणि भावना यांचे नाते याहून कितीतरी जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्राला लाल, शृंगाराला श्याम आणि करुणाला कपोत, म्हणजे पारव्याचा करडा रंग सांगितला आहे. निळा रंग तिथे बीभत्साच्या वाट्याला येतो. त्यामुळे दुःखाचा प्रसंग आला की डोळे मिटून निळी छटा चढवणाऱ्यांनी नाट्यशास्त्रातला हा रसांचा अध्याय एकदा तरी वाचावा, असे मला मनापासून वाटते.

मराठी चित्रसृष्टीने रंगाचा ध्यास लवकर घेतला. ‘प्रभात’च्या ‘सैरंध्री’वर (१९३३) रंगांसाठी जर्मनीत प्रक्रिया झाली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि पुढची बरीच वर्षे भावना व्यक्त करण्याचे काम कृष्णधवल छायाप्रकाशानेच केले.

त्या काळातला सर्वांत मोलाचा धडा सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांचा आहे. राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला होता. मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्या कापडावर सोडले आणि तिथून परतलेला मऊ, जवळजवळ सावली नसलेला उजेड पात्रांवर पडू दिला. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या चौकात सकाळी असाच उजेड उतरतो. मेअखेरीस मात्र नागपुरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, भुवयांची सावली खोबणीत साचते आणि डोळ्यांतला भावच दिसत नाही. अशा वेळी डोक्यावर धरलेली साधी पांढरी चादरही चेहरा परत मिळवून देते.

रंगीत फिल्म रुळल्यावर उजेडाच्या जातीचा प्रश्न आला. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तेवढी ती पिवळसर, जास्त तेवढी निळसर. स्टुडिओतला टंगस्टन (तारेचा) दिवा सुमारे ३२०० केल्विनचा, तर दिवसाचा उजेड सुमारे ५६०० केल्विनचा. एक सांभाळावा तर दुसरा बिघडे, म्हणून दिव्यांवर किंवा खिडक्यांवर रंगीत जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावावे लागे. आता डिजिटल कॅमेऱ्यात आणि एलईडी दिव्यात हे आकडे बटणावर बदलतात. तरीही दिवेलागणीच्या वेळी कॅमेरा या दोन आकड्यांच्या मधोमध ठेवला, तर खिडकीकडचा गाल निळसर आणि बल्बकडचा गाल पिवळा दिसतो. त्या पात्राची घालमेल दाखवायला नंतर संगणकावर वेगळी छटा चढवावी लागत नाही.