लेंटिव्हायरसची ट्यूब फ्रीझरमधून काढण्याआधी

पेशींत जनुक पोचवायला वापरतात तो लेंटिव्हायरस आम्ही प्रयोगशाळांना पुरवतो. 'व्हायरस चालत नाही' असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो: ही ट्यूब यापूर्वी कितीदा वितळवली होती? बहुतेक वेळा घोटाळा तिथेच सापडतो.

लेंटिव्हायरसच्या कणाला मेदाचं नाजूक आवरण असतं. त्यावरच्या व्हीएसव्ही-जी प्रथिनाच्या जोरावर तो तुमच्या पेशीत शिरतो. गोठवणं-वितळवणं झालं की आवरणाला इजा होते आणि दर खेपेला कामाचे कण घटतात. एएव्ही हा जनुक पोचवणारा दुसरा व्हायरस वापरणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. एएव्हीला आवरण नसतं, तो बराच सोसतो. लेंटि सोसत नाही. त्याला उणे ८० अंश सेल्सियसच लागतं, उणे २० चालत नाही.

एक विद्यार्थिनी तिची ट्यूब घेऊन आमच्याकडे आली होती. झाकणावर निळ्या मार्करने वितळवल्याच्या तीन तारखा. लेबलवर मिलिलिटरला १० कोटी कण, म्हणून १ लाख पेशींना तिने १ मायक्रोलिटर घातला होता. हिशेब अगदी बरोबर होता, पण तिसऱ्या तारखेला ट्यूबमध्ये तेवढे जिवंत कण उरलेच नव्हते. तिचा दीड महिना गेला, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून १०० मायक्रोलिटर एका ट्यूबमध्ये न देता १०-१० च्या दहा ट्यूबमध्ये देतो. भरायला वेळ जातो, म्हणून दर थोडा चढा आहे. पण टायटरही, म्हणजे मिलिलिटरमागे कामाचे कण किती तेही, आम्ही गोठवून वितळवलेल्या ट्यूबवरच, २९३टी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मानवी पेशींमध्ये मोजतो. पी-२४ हे व्हायरसचं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात निकामी कणही धरले जातात. तो आम्ही लेबलवर छापत नाही.

ट्यूब बर्फावर वितळू द्या, पिपेटने हलकेच ढवळा, जोरात घुसळणारं व्हॉर्टेक्स यंत्र नको. उरलेलं परत गोठवू नका, ब्लीचमध्ये टाका. जिवावर येतं, कळतं आम्हाला, तरी टाकाच.

पेशीमागे एक कण घातला तरी सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात, कारण कण सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत. तो व्हायरसचा दोष नव्हे. व्हायरसमध्ये चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असेल तर पेशींची चमक ४८ ते ७२ तासांनी बघा. न्यूरॉन किंवा टी पेशी २९३टीइतक्या सहज व्हायरस घेत नाहीत, म्हणून पहिल्या ऑर्डरसोबत जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असलेल्या व्हायरसची एक ट्यूब आम्ही मोफत पाठवतो. आधी ती तुमच्या पेशींवर चालवून मात्रा ठरवा.

ऑर्डरसोबत संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं मंजुरीपत्र जोडा, त्याशिवाय माल निघत नाही. आणि फोन करताना ट्यूब समोर ठेवा, झाकणावरच्या तारखा आम्ही विचारणारच.